नीळ

भिंतीवरचा टीव्ही सरळ बसला आहे की नाही हे बघताना मी एक डोळा मिटतो. गवंडी मिटतो, सुतार मिटतो, तसाच. त्या सकाळी लातुरात औसा रोडच्या एका नव्या फ्लॅटमध्ये मी डावा डोळा मिटून टीव्हीच्या खालच्या कडेवरून नजर फिरवली. कड सरळ होती. पडद्यावर मी माझ्या पेनड्राइव्हमधला पांढरा लावून ठेवला होता, नुसता पांढरा, त्यात ना चित्र ना अक्षर. भिंतीला भोकं पाडताना उडालेली धूळ अजून खाली बसली नव्हती, तिचा एखादा कण उजव्या डोळ्यात गेला. मी उजवा चोळत डावा उघडला, आणि पांढरा गेला. पडदा तोच, बटण मी दाबलं नव्हतं, पण पांढऱ्यावर कुणीतरी कपात उरलेला चहा ओतून पुसून घेतल्यासारखं झालं होतं. उजवा उघडला, पांढरा परत आला. डावा, चहा. उजवा, पांढरा. हॉलमध्ये घरमालक, त्यांची बायको आणि ड्रिलवाला असे तिघं माझ्याकडे बघत उभे होते आणि मी भर सकाळी त्यांच्या टीव्हीला डोळे मारत होतो. धूळ गेली म्हणालो, बेसिनवर जाऊन दोन्ही डोळ्यांवर पाणी मारलं, रुमालानं टिपलं, परत आलो. फरक नाही. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून, सवयीनं बोटं जिथं जातात तिथं जाऊ देऊन मी त्यांचं चित्र लावून टाकलं. मालक म्हणाले, वा. त्यांची बायको काहीच म्हणाली नाही, आणि एरवी ज्याच्याकडे मी ढुंकून पाहिलं नसतं ते तिचं न बोलणं मी बरोबर घेऊन जिना उतरलो.

मी टीव्हीचं चित्र लावतो. एवढंच सांगितलं की लोकांना वाटतं मी केबल जोडतो. तसं नाही. दुकानात शंभर टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचं असतं, म्हणून कंपनी त्यांचं चित्र भडक करून पाठवते. गवत पोपटी, ओठ लाल, आभाळ रंगपंचमीचं. घरी आणल्यावरही तो तसाच ओरडत राहतो आणि लोक त्यालाच चांगलं चित्र म्हणतात. मी जातो, ते भडकपण काढतो, काळा काळा करतो, पांढरा पांढरा करतो, माणसाच्या अंगाला माणसाचा रंग देतो. यातलं सगळ्यात अवघड काम पांढऱ्याचं. लाल जरा इकडंतिकडं झाला तर खपतो, पांढरा चुकला की सगळं चुकतं. हा पांढरा मी कधी मोजला नाही. तो माझ्या डोळ्यात आहे असं मी सांगत आलो. जुन्या डबा टीव्हीच्या काळापासून, मागचं झाकण उघडून आरसा समोर धरून रंग जुळवायचो तेव्हापासून, अख्ख्या लातुरात माझ्या पांढऱ्याला कुणी नाव ठेवलं नाही. ज्यांच्या दुकानातर्फे मी ही कामं करतो ते सिद्धलिंगअप्पा गिऱ्हाइकाला सांगतात, आदिनाथरावांचा डोळा म्हणजे डोळा आहे. याच अप्पांनी दिवाळीनंतर मला एक मीटर आणून दिला. पडद्यावर चिकटवायचा, तो स्वतःच सांगतो निळा किती जास्त, लाल किती कमी. मी हसलो होतो. डोळा असताना यंत्र कशाला, म्हणालो होतो. ते म्हणाले, असू द्या, बॅगेत ठेवा, आजकाल लोक मागतात. तो बॅगेत होता. त्याच्या डब्याचं सील मी अजून तोडलं नव्हतं.

त्या दिवशी मला नांदेडला जायचं होतं. तिथल्या इतवारा भागातल्या जिलानींच्या घरी महिन्यापूर्वी मी टीव्ही लावून आलो होतो, आणि त्यांच्या आईला, चांदबींना, चित्र पटत नव्हतं. जिलानींचं लोखंडी कपाटांचं दुकान आहे, माणूस मऊ, फोनवर तीनतीनदा माफी मागून त्यांनी तक्रार सांगितली. आदल्या दिवशी मला त्या तक्रारीचं हसू आलं होतं. भडक चित्राची सवय झालेल्या माणसाला खरं चित्र पहिल्यांदा फिकं लागतं, हे मी शेकडो वेळा समजावलेलं आहे. समजावू, बहिणीकडं मुक्काम करू, उद्या येऊ, असं वर्षाराणीला, म्हणजे बायकोला, सांगून निघालो होतो. आता एसटीत खिडकीशी बसलो आणि पुन्हा सुरू केलं. उजवा, डावा. बाहेर सोयाबीन काढलेली काळी रानं होती, त्यांना दोन्ही डोळ्यांनी फारसा फरक पडत नव्हता. पण रस्त्याच्या कडेचा चुना मारलेला दगड आला की फरक पडायचा. समोरच्या म्हाताऱ्याची टोपी. एका शाळेची भिंत. बगळे. प्रत्येक पांढऱ्या वस्तूला माझ्याकडे आता दोन रंग होते. पलीकडच्या सीटवरच्या बाईंना माझी ही डोळेमिचकावणी दिसली आणि त्या पिशवी उचलून मागं जाऊन बसल्या. मला त्यांची समजूत घालावीशी वाटली, पण काय सांगणार होतो? बाई, मी तुमच्याकडे नाही, बगळ्यांकडे बघत होतो?

आणि मग खरी भीती आली. मी स्वतःला सांगत होतो की डावा बिघडला आहे, उजवा शाबूत आहे. असतं एकेकाचं. पण उजवा शाबूत आहे हे मला कोण सांगत होतं? उजवाच. डाव्याच्या शेजारी तो बरा दिसत होता एवढंच. मळकट सदऱ्याच्या शेजारी कमी मळका सदरा धुतल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे हळूहळू, वर्षानुवर्षं, एकमेकांना सांभाळून पिवळे पडत गेले असतील, आणि एकानं जरा घाई केली म्हणून आज सापडले असतील. तसं असेल तर मी इतके दिवस काय करत होतो? पांढरा मला पिवळट दिसला असणार, आणि तो पांढरा व्हावा म्हणून मी निळा चढवत गेलो असणार. जरा. अजून जरा. आता बरोबर. लातूर, उदगीर, निलंगा, नांदेड, जिथं जिथं मी बरोबर म्हणून उठलो तिथं तिथं भिंतीवर एक निळा पांढरा लटकत असणार आणि लोक त्यात बातम्या बघत असणार. तेवढ्यात अहमदपूरचा स्टँड आला, गाडी थांबली, आणि निळा या शब्दाला धरून मला अण्णांचं धोतर आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते मी कधी विसरलोच नव्हतो. ती माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. पण आतापर्यंत मी ती सांगत आलो होतो. त्या स्टँडवर पहिल्यांदा ती माझ्या अंगावर आली.

आमचं गाव अहमदपूरपासून जवळ. वडील रामकिशन, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. आईचं नाव केवळाबाई, ती आमची माय. घरची जमीन, दोन बैल, खाऊनपिऊन सुखी. अण्णांना एकच शौक होता, धोतर. बाजारच्या दिवशी ते पांढरंशुभ्र धोतर नेसून अहमदपूरला जायचे आणि त्या धोतराचा मान मायचा असायचा. ती विहिरीवर धुणं धुवायची, शेवटच्या पाण्यात निळीची चिमूट टाकायची, पाणी हातानं ढवळायची आणि धोतर एकदाच बुडवून काढायची. नीळ कमी पडली तर धोतर पिवळट राहतं, जास्त झाली तर निळं पडतं, मधल्या एका जागी ते असं पांढरं होतं की उन्हात बघवत नाही. ती जागा मायला ठाऊक होती. गावातल्या बायका आपलं धुणं घेऊन तिला विचारायला यायच्या. मी डबा टीव्हीवर पहिल्यांदा पांढरा लावायला शिकलो तेव्हा मला कळलं की पांढऱ्यात निळा घालावा लागतो, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. पुढं माय थकली. धोतरं हळूहळू निळी होऊ लागली. आधी नुसती झाक, मग सरळ आभाळाचा रंग. दोरीवर वाळत घातलेलं धोतर लांबून ओळखू यायचं. बाजारात लोक अण्णांना विचारायचे, पाटील, कोणत्या पार्टीत गेलात. अण्णा हसायचे. घरी आल्यावर मायनं विचारलं की धोतर कसं निघालं, तर म्हणायचे, "बरं दिसतंय." दोन वर्षं त्या माणसानं निळं धोतर नेसलं आणि एक शब्द काढला नाही. ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात वर्षाराणीला सांगितली. मुलगी शिवानी मोठी झाल्यावर तिला सांगितली. दुकानात, मांडवात, बारशात. सांगताना शेवटी माझा गळा भरून यायचा, आणि मी म्हणायचो, याला म्हणतात संसार.

पण गोष्ट तिथं संपत नाही. गाडी स्टँडवरून हलली आणि पुढचा भाग, जो मी कधीच कुणाला सांगितला नव्हता, तो माझ्या शेजारी येऊन बसला. मायचा मोतीबिंदू निघाला. शिबिरात ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी बांधून ती घरी आली, काही दिवसांनी पट्टी सुटली. सकाळी ती अंगणात आली आणि दोरीपाशी उभी राहिली. दोरीवर दोन धोतरं, अण्णांची टोपी आणि माझा सदरा होता. ती बराच वेळ बघत राहिली. आम्हाला वाटलं, दिसायला लागल्याचा आनंद आहे. मग तिनं अण्णांना बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सगळ्या बाजारानं बघितलं, एक मीच न्हाई बघितलं. मला सांगाया तुमचं तोंड शिवलं होतं का? मी काय तुमच्या घरची पाव्हणी हाय?" अण्णा म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून. ती म्हणाली, "मला वाईट वाटायचं ते मी बघितलं असतं." त्या दिवशी तिनं हंड्यात सोडा टाकून सगळी धोतरं उकळली. नीळ काही पूर्ण गेली नाही. त्यानंतर तिनं अण्णांच्या धोतराला हात लावला नाही. जेवण वाढलं, पाय चेपले, आजारपणात उशापायथ्याशी बसली, पण धोतर अण्णांचं अण्णांनी धुवायचं. ते मरेपर्यंत स्वतःचं धोतर धूत होते. मला मायचं हे वागणं तेव्हा आडमुठं वाटलं, म्हणून गोष्टीतून मी ते काढून टाकलं होतं. गोष्ट त्याशिवाय चांगली व्हायची.

चांदबी दारातच भेटल्या. सत्तरीच्या, डोक्यावरून पदर, हातात जपाची तसबीह. आधी पाणी, मग बसा, मग घरचे कसे आहेत, हे सगळं झाल्याशिवाय त्या टीव्हीचं नाव काढू देईनात. मग म्हणाल्या, "चित्र चांगलं हाय भाऊ, मी न्हाई म्हनत न्हाई. पर सगळे लोकं थंडीत उभे राहिल्यावानी दिसून राहिले." मी माझं नेहमीचं सुरू केलं. भडक चित्राची सवय, डोळे बसायला वेळ लागतो, अजून एक महिना बघा. जिलानी मान डोलावत होते. चांदबींनी ऐकून घेतलं आणि मुलीच्या निकाहचा व्हिडिओ लावायला सांगितला. मुलगी म्हणजे जेबा, लग्न होऊन निजामाबादला गेलेली. तिचा लग्नाचा जोडा, म्हणजे पोशाख, चांदबींनी स्वतः पसंत केला होता, डाळिंबी. पडद्यावर जेबा आली, मान खाली घालून बसलेली, आणि मला तरी जोडा डाळिंबीच वाटला. तसं मी म्हणालो. तेव्हा त्या उठल्या, आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं, आणि ओढणीतून उरलेला हातभर कापडाचा तुकडा घेऊन त्या बाहेर आल्या. नुसता तो तुकडा पडद्यावरच्या जेबाच्या शेजारी धरला.

डोळा पिवळा असो, फुटका असो, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्याला फसता येत नाही. कापडही त्याच डोळ्यातून येतं आणि पडदाही. कापड डाळिंबी होतं. पडद्यावरचा जोडा वांग्याकडे झुकला होता. जेबाच्या हातांवर, कपाळावर, तिच्या मागं बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर, सगळीकडं एक निळी थंडी पडली होती आणि ती मीच पाडली होती. डावा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं. चांदबींनी हात तसाच उंच धरला होता. बॅगेत मीटर होता. सील तोडायचं, पडद्याला चिकटवायचा, तो सांगेल तेवढा निळा उतरवायचा, काम झालं असतं. पण तो आकडा जिलानींच्या समोर आला असता, आणि आकडा खोटं बोलत नाही. मी म्हणालो, हा व्हिडिओवाल्याचा दोष आहे. हॉलमधल्या लाइटांमुळं कॅमेऱ्यात असा रंग येतो, टीव्ही काय करणार. बोलताना माझा आवाज इतका ठाम होता की क्षणभर मलाच पटलं. चांदबींनी हात खाली घेतला. कापडाची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि म्हणाल्या, "असंल बाबा. तुमी जाणकार." त्यांच्या बोलण्यात कुठंही टोचणी नव्हती. त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मी ती खाल्ली. उंबऱ्यावर त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं की भाऊ, उन्हातान्हाचं लई फिरता, तब्येतीला जपा. तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलं आहे.

बहिणीकडं गेलो नाही. परतीची गाडी पकडली. मला स्वतःची शिसारी आली होती, आणि त्याहून जास्त राग आला होता, कुणाचा ते नीट ठरत नव्हतं. अप्पांचा आला. त्यांनी मीटर दिला तो लोक मागतात म्हणून? की गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले म्हणून? तोंडावर सांगितलं असतं तर मी दुकानात भांडलो असतो, चार लोकांत शोभा झाली असती, म्हणून त्यांनी डब्यात घालून सांगितलं. त्या सकाळच्या घरमालकाच्या बायकोचा आला. मागच्या महिन्यात एका डॉक्टरांनी चित्र लावून झाल्यावर मला विचारलं होतं, चष्म्याचा नंबर कधी तपासला, आणि मी समजलो गप्पा मारत आहेत. दिवाळीत शिवानी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, बाबा, आपला टीव्ही जरा निळा दिसतोय का? मी तिला झापलं होतं. रात्रंदिवस फोन बघणाऱ्यांनी मला रंग शिकवू नयेत, असं म्हणालो होतो, आणि स्वयंपाकघरातून वर्षाराणी बाहेर येऊन तिला म्हणाली होती, चल, करंज्या भरू लाग. सगळी एसटीभर मी माणसं तपासत होतो. कोण कधी काय म्हणालं, आणि मुख्य म्हणजे कोण कधी काय म्हणालं नाही. माझ्याभोवती केव्हापासून कोण जाणे सगळ्यांनी निळं धोतर नेसलं होतं आणि मी त्यांच्यामधून छाती काढून चाललो होतो. अण्णांच्या धोतराची गोष्ट मी नेहमी अण्णांच्या बाजूनं सांगत आलो. दोरीपाशी उभं राहिलं की ती वेगळीच दिसते.

लातुरात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमची गल्ली अरुंद आहे, घराच्या फाटकातून समोरच्या खोलीची खिडकी दिसते, आणि खिडकीतून टीव्हीचा पडदा नव्हे, पण त्याचा उजेड पडतो ती भिंत दिसते. ती भिंत मीच पांढरी रंगवून घेतली आहे, चित्र लावताना आजूबाजूला रंगीत भिंत नको म्हणून. मी फाटकाशी थांबलो. वर्षाराणी खाली बसून शेंगा फोडत मालिका बघत होती, तिची पाठ मला दिसत होती. भिंतीवरचा उजेड माझ्या ओळखीचा नव्हता. तो कंदिलाच्या उजेडासारखा पिवळा होता. आमच्या टीव्हीचा उजेड असा नसतो. मी डावा मिटला, उजवा मिटला. पिवळा, जास्त पिवळा. मला वाटलं टीव्ही बिघडला. मग मी फाटकाची कडी काढली. कडी वाजते. ती वाजल्याबरोबर वर्षाराणीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, रिमोट घेतला, आणि न बघता, पाठ असलेल्या बोटांनी, चार-पाच बटणं दाबली. भिंत बदलली. माझ्या डोळ्यांदेखत ती पांढरी झाली, माझी पांढरी. वर्षाराणीनं रिमोट जिथला तिथं ठेवला, सूप पुढं ओढलं, आणि दार उघडायला उठली.

मी मुक्कामाला राहणार होतो, लवकर कसा आलो, असं तिनं विचारलं. काम लवकर झालं, म्हणालो. तिनं पाणी दिलं. मी खुर्चीत बसलो आणि समोरच्या चित्राकडे बघत राहिलो. मालिकेतली सासू सुनेला काहीतरी सांगत होती. चित्र मला बिनचूक दिसत होतं. हेच सगळ्यात भयंकर होतं. बिनचूक. मी रिमोट घेतला, रंगांच्या सेटिंगमध्ये शिरलो, आणि निळा चढवायला लागलो. अजून चढवला. शेवटपर्यंत नेला, माझ्या दोन्ही डोळ्यांना निळा दिसेपर्यंत, सासू विहिरीत बुडाल्यासारखी दिसेपर्यंत. मग विचारलं, कसं दिसतंय. वर्षाराणीनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"चांगलं दिसतंय की," ती म्हणाली.

मी विचारलं, "कधीपासून?"

तिला लगेच कळलं. ती खोटं बोलू शकली असती, आणि मला त्या क्षणी तेच हवं होतं. तिनं पदरानं हात पुसले. म्हणाली, "दिवाळीच्या लई आधीपासून. तुमी कामावर गेले की मी माझं लावून घेते. यायच्या टायमाला परत तुमचं करून ठेवते."

"मला सांगायचं न्हाई?"

"तुमीच तर सांगत राहता." तिचा आवाज आता जरा ओला झाला होता. "अण्णांनी धोतर नेसलं, कधी बोलले न्हाईत. याला म्हणतात संसार. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकून राहिले मी. शिवानी बोलली तर तिला किती लागलं तुमचं. मला वाटलं, तुमाला असंच आवडत असंल."

मला ओरडायचं होतं. मायचं वाक्य तोंडात तयार होतं, मी काय तुमच्या घरची पाव्हणी हाय, जसंच्या तसं, आणि ते म्हणायचा हक्क मला नव्हता, कारण गोष्टीतून ते मीच कापलं होतं. या बाईला मी अर्धीच गोष्ट दिली होती आणि ती त्या अर्ध्या गोष्टीप्रमाणे मनापासून वागली होती. रोज. मी घरी नसताना भिंत पिवळी, मी घरी असताना पांढरी. मग मी तिला उरलेलं सांगितलं. पट्टी सुटल्यावर माय दोरीपाशी कशी उभी राहिली, काय बोलली, सोडा टाकून धोतरं कशी उकळली, आणि नंतर अण्णा विहिरीवर एकटेच बसून स्वतःचं धोतर कसे धुवायचे. सांगताना या खेपेला गळा भरून आला नाही. चांदबींचंही सांगितलं, कापडाचा तुकडा, आणि मी व्हिडिओवाल्यावर ढकललेलं. वर्षाराणी ऐकत होती. शेंगा तिनं कधीच बाजूला ठेवल्या होत्या. मग तिनं एवढंच विचारलं की मायनं मग पुन्हा कधीच धोतर धुतलं नाही का. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "हे आधी सांगाया पाहिजे होतं तुमी."

मालिका संपली होती आणि बुडालेल्या निळ्या पडद्यावर कुठलीशी जाहिरात चालली होती. मी रिमोट तिच्या हातात दिला. म्हणालो, तुला दिसतं तसं लाव. आणि उद्या माझ्याबरोबर नांदेडला चल. ती म्हणाली, आधी डोळ्याच्या डॉक्टराकडं. बरं, म्हणालो. तिनं पडद्याकडे तोंड केलं, आणि या वेळी बटणं न बघता नाही, एकेक बघून, थांबून, निळा उतरवत आणला. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. जाहिरातीतल्या मुलीच्या गालावर आधी रक्त आलं, मग तीही माझ्या हातून गेली, हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी झाली. वर्षाराणी थांबली. रिमोट मांडीवर ठेवून ती माझ्याकडे वळली, आणि तिनं विचारलं, कसं दिसतंय.

भिंत पिवळी होती, पडदा पिवळा होता, त्या उजेडात तिचा चेहराही पिवळा होता. मी दोन्ही डोळे उघडे ठेवले.

"बरं दिसतंय," मी म्हणालो.